गल्लीतल्या घरांचा सर्वे करायचाय? आधी चूल मोजा

गेल्या गणपतीत आमच्या इंदूरच्या मंडळात, रामबागच्या अंगाला, आरतीनंतर पोहे खाता खाता वाद निघाला. एक काका म्हणाले आपल्या मराठी घरांत एकत्र कुटुंब आता उरलंच नाही, दुसरे म्हणाले आजकालची मुलं बायकोला स्वयंपाकात बरोबरीने मदत करतात, जमाना बदलला. मागे भांडी विसळणाऱ्या दोघीतिघी खुदकन हसल्या. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, भिया (आमच्या इंदुरीत भाऊ) नुसतं बोलू नका, मोजा ना. आणि मी लग्नाआधी चारपाच वर्षं सर्वेच्या फील्डवर उन्हातान्हात फिरलेली, हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे काम माझ्याच गळ्यात पडलं.

आता दुसऱ्या दोन मंडळांनी, त्यातलं एक बडोद्याचं, विचारलंय की ताई तुमचा फॉर्म पाठवा. फॉर्म पाठवते, पण नुसत्या फॉर्मने काही होत नाही हो, खरा घोळ दारात होतो. म्हणून इथे सगळं लिहून टाकते, लांबेल जरा.

पहिलं म्हणजे एकच प्रश्न धरा. आमच्या पहिल्या मीटिंगमध्ये चाळीस प्रश्न निघाले, लग्नाचं वय, घरभाडं, मुलांचं इंग्लिश मिडियम, सासूचा बीपी, सगळंच. मी म्हटलं कागद फाडा. आपल्याला जाणून काय घ्यायचंय? घरातलं काम कोणाच्या वाट्याला किती येतं आणि घरातला पैसा कोणाच्या हातात असतो, बास. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं. पंचवीस प्रश्नांच्या वर गेलात की समोरची काकू घड्याळाकडे बघते आणि मग “हो हो लिही तुझ्या मनाने” सुरू होतं.

दुसरं, घराबाहेर पडायच्या आधी आधीचं वाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वे १९९२-९३ पासून चालू आहे, पाचवी फेरी २०१९-२१ ला झाली, मुंबईची आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था तो करते आणि त्यात जिल्हावार दोनचार पानांचं फॅक्टशीट फुकट मिळतं, इंदूरचंही आहे. त्यातला एक मोठा बदल तर सगळ्यांना माहीत हवा, पहिल्या फेरीत देशात बाईमागे सरासरी ३.४ मुलं होती, पाचव्या फेरीत २.०, आणि आपल्या मध्य प्रदेशातही २.०. म्हणजे घर लहान का झालं याचं अर्धं उत्तर सुनांच्या स्वभावात शोधायची गरज नाही, माणसंच कमी जन्माला आलीत. मात्र इंदूरची लोकसंख्या म्हणून २०११ च्या जनगणनेतला आकडा आजचा म्हणून छापू नका. तेव्हा जिल्ह्यात ३२ लाख ७७ हजार माणसं आणि हजार पुरुषांमागे ९२८ बायका होत्या. त्यानंतर गणना झालेली नाही, पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

घरकामाचा आकडा हवा असेल तर टाइम यूज सर्वे बघा, म्हणजे माणसाचे चोवीस तास जातात कुठे. गंमत म्हणजे १९९८-९९ ला याची पहिली चाचणी सहा राज्यांत झाली त्यात मध्य प्रदेश आणि गुजरात दोन्ही होते (बाकी हरियाणा, ओरिसा, तामिळनाडू, मेघालय), त्यामुळे बडोद्याच्या मंडळानेही हे आपलंच समजून वाचावं. मग देशभर २०१९ ला झाला आणि परत २०२४ ला. २०१९ मध्ये घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी वेळ २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७. २०२४ ला २८९ आणि ८८. यात एक मेख आहे, ती नंतर सांगते, सगळ्यांत जास्त लोक तिथेच आपटतात.

आता चूल. हा भाग नीट वाचा.

घर म्हणजे काय? तुम्ही म्हणाल दार दिसतं ना, त्यात काय विचारायचं. आमच्या गल्लीत एक दुमजली घर आहे, खाली आजी-आजोबा, वर मुलगा-सून-नात. दार एक, नेमप्लेट एक, लाइटचं बिल एक. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकार कुटुंबाला देतं तो नंबर) बघितला तर परिवाराचे दोन, कारण कुठल्यातरी योजनेसाठी मधे वेगळे करून घेतलेले. राशन कार्ड अजून आजोबांच्या नावावर, त्यात लग्न होऊन पुण्याला गेलेली आत्यासुद्धा आहे. आता हे कुटुंब किती? जनगणना आणि सरकारी सर्वे म्हणतात की जे नेहमी एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक घर. आपल्या आज्या हेच म्हणायच्या, चूल एक की वेगळी. म्हणून मी विचारलं, चूल एक का? सून म्हणाली वेगळी, गॅस वेगळा आहे. आजी म्हणाली एकच आहे की, रोज रात्रीची भाजी मीच वर पाठवते. दोघी खरं बोलत होत्या!

यावर उपाय एकच, चूल एक का वेगळी असं मत विचारायचं नाही, काल विचारायचं. काल सकाळचं जेवण कुठे शिजलं, रात्रीचं कुठे शिजलं, किराणा कोणी भरला, सिलेंडर कोणाच्या पैशाने आला. चारही उत्तरं लिहा आणि मग ठरवा. आम्ही नियम केला की रोजचं एक तरी पूर्ण जेवण आणि किराणा दोन्ही एकत्र असेल तर एक घर, नाहीतर दोन, पण दोघांमध्ये काय जातं-येतं ते खाली लिहायचं. कारण “विभक्त” म्हणून लिहिलेल्या घरात संध्याकाळी नातीला आजीच सांभाळते आणि तो वेळ कुठेच मोजला जात नाही. तुमचा नियम वेगळा असला तरी चालेल, फक्त पहिल्या दिवशी ठरवा आणि शेवटच्या घरापर्यंत तोच ठेवा, मधे बदललात तर सगळं पाण्यात.

माणसं मोजतानाही तेच. पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरी करणारा मुलगा आईच्या मनात अजून घरातच असतो, ती पहिलं नाव त्याचंच सांगते. तिला तोडू नका, लिहा, आणि शेजारच्या कॉलममध्ये विचारा, काल रात्री इथे झोपला होता का? कुटुंब आरोग्य सर्वेवाले हेच करतात, नेहमी राहणारे आणि काल रात्री मुक्कामाला असलेले दोन्ही टिपतात. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत तर हा कॉलम सोन्याचा आहे, कारण अर्ध्या घरांत म्हातारा-म्हातारी दोघंच आणि फोटोतली सहा माणसं बाहेरगावी.

नाती मराठीतच लिहा. “इतर नातेवाईक” हा कोड वापरू नका, आपल्याकडे जाऊ, नणंद, चुलत सासू, मावसभाऊ सगळ्याला शब्द आहे आणि त्या शब्दातच कोणी कोणाचं काम करायचं ते अर्धं कळतं. कर्ता कोण हे मात्र घरच्यांनाच विचारा आणि सांगतील ते लिहा. एका घरी ऐंशीच्या पुढचे आजोबा कर्ते म्हणून सांगितले, त्यांना स्वतःच्या औषधाची वेळ आठवत नव्हती, पण घर त्यांच्याच नावाने चालतं असं सगळे म्हणाले. ठीक आहे, ते लिहायचं, घर खरं कोण चालवतं ते पुढच्या पानावर येतंच.

कोणती घरं घ्यायची? इथे मंडळवाले हमखास एक चूक करतात, वर्गणीची यादी काढतात. वर्गणीच्या यादीत कोण नसतं? भाड्याने राहणारे, एकटी राहणारी विधवा, जातीबाहेर लग्न केलं म्हणून येणं सोडलेले, आणि ज्यांना वर्गणी जड जाते ते. म्हणजे जिथे असमानता दिसणार तीच घरं आधीच गळाली. त्यापेक्षा गल्लीच्या एका टोकापासून सगळ्या चुलींची यादी करा, चिठ्ठी टाकून १ ते ३ मधला एक आकडा काढा आणि तिथून दर तिसरं घर घ्या, मग ते घर आवडो न आवडो. कुलूप असेल तर शेजारचं घर घेऊ नका!! तीनदा जा, त्यातलं एकदा तरी रात्री आठनंतर किंवा रविवारी. दुपारी बारा वाजता ज्या घराला कुलूप असतं तिथे नवरा-बायको दोघं नोकरीला असतात, त्यांना सोडलं तर तुमच्या सर्वेत इंदूरच्या सगळ्या बायका घरीच असतात असं निघेल.

आता “काम” हा शब्द. माझं सर्वेतलं अर्धं आयुष्य या शब्दाने खाल्लं.

विचारा, वहिनी काय करता? “काही नाही, घरीच असते.” तुम्ही टिक केलं, गृहिणी, पुढचा प्रश्न. मग निघताना दिसतं की ओट्यावर सात डबे भरून ठेवलेत. हे काय? “अगं ते हॉस्टेलच्या पोरांचे, होतात थोडे पैसे.” म्हणजे ती मेस चालवते, आणि स्वतःलाच कामात धरत नाही. सरकारी श्रमबळ सर्वेत याला कोड असतात, फक्त घरकाम करणारीला ९२, घरकामाबरोबर घरच्यासाठीच शिवणटिपण किंवा जळण-भाजी गोळा करणं असलं तर ९३, घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणारीला २१, आणि स्वतःचा धंदा असेल तर ११. नवऱ्याच्या दुकानात दुपारी तीन तास गल्ल्यावर बसणारी बाई ९२ मध्ये गेली की ती कामकरी लोकांत मोजलीच जात नाही, २१ मध्ये गेली की मोजली जाते. एका टिकचा फरक. म्हणून “काय करता” हा प्रश्न काढूनच टाका आणि एकेक विचारा: गेल्या महिन्यात डबे दिले का, पापड-कुरडया-लाडू विकले का, शिवण, ट्यूशन, पार्लर, साड्या विकणं, दुकानावर बसणं, पॉलिसीचं काम. नावं घेतली की आठवतं. आणि पैसे कोणाकडे आले हे लगेच त्याच ओळीत विचारा, नंतरवर ठेवू नका.

मग कालचा दिवस भरायचा. पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४, अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ चौकोन, सरकारी सर्वेतही असंच असतं आणि ६ वर्षांपुढच्या सगळ्यांचं विचारतात. “रोज किती तास काम करता” असं विचारलंत तर पुरुष जरा वाढवून सांगतात आणि बायका हसून “दिवसभर” म्हणतात, दोन्ही उत्तरांचा काही उपयोग नाही. पण “काल उठल्यावर पहिलं काय केलं, मग?” असं पुढे पुढे ओढत नेलं की दिवस आपोआप उलगडतो. प्रत्येक चौकोनात दोन ओळी ठेवा, कारण बायकांची दोन कामं एकाच वेळी चालतात, कुकर लावलाय आणि मुलाचा पाढा घेतायत, एकच ओळ असेल तर पाढा उडतो. आणि एक ओळ “कोणासाठी थांबलात” याची, ही माझी स्वतःची भर आहे. मुलाची रिक्षा यायची म्हणून वीस मिनिटं फाटकात, नवरा जेवायला यायचा म्हणून तासभर. हा वेळ कोणी काम म्हणून सांगत नाही पण तो मोकळाही नसतो.

इंदूरसाठी अजून एक चौकोन: काल नळाचा दिवस होता का? नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं तिथे नळाच्या दिवशीची सकाळ वेगळीच असते, टाक्या, मोटर, कपडे सगळं त्याच दिवशी. सगळी घरं नळाच्या दिवसाची घेतलीत तर आकडा फुगतो. गौरी, दिवाळी, लग्नसराई टाळा, किंवा मुद्दाम घ्यायचं असेल तर वेगळं घ्या. रविवारची घरं वेगळी मांडा.

कोणाला विचारायचं आणि कोणासमोर, यावर सगळं अवलंबून आहे. सुनेला विचारलं की सासूबाई उत्तर देतात, बायकोला विचारलं की पेपराआडून नवरा. म्हणून नेहमी जोडीने जायचं. आमच्या जोडीतला एक जण आजोबांना होळकरांच्या काळातल्या गोष्टी विचारायचा आणि आजोबा रंगात आले की मी सुनेबरोबर स्वयंपाकघरात. फसवणूक नको पण, आधी सगळ्यांना सांगायचं की प्रत्येकाचं वेगळं लिहून घेणार आहोत, आणि नको असेल तर नको म्हणा. पुरुषांनाही त्यांचा स्वतःचा दिवस विचारा, बायकोला नवऱ्याचा विचारू नका, दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि ते न जुळणं हीच तर माहिती आहे. सून हिंदी घरातून आलेली असेल, आजकाल बऱ्याच असतात, तर सरळ हिंदीत विचारा, मराठीत विचारलं की ती सासूकडे बघते.

पैशाचे आणि निर्णयाचे प्रश्न सगळ्यांत फसवे. “घरात निर्णय कोण घेतं?” म्हटलं की सगळे म्हणतात दोघं मिळून. अहो मिळून म्हणजे काय! कुटुंब आरोग्य सर्वे तीन गोष्टी विचारतो, बाईची स्वतःची तब्येत, घरातली मोठी खरेदी, आणि माहेरी जाणं. चांगले प्रश्न आहेत पण मी त्यांना शेवटच्या घटनेवर आणून बांधते. मागचा फ्रिज कधी घेतला, दुकानात कोण गेलं, कंपनी कोणी ठरवली, रंग कोणी ठरवला. (बहुतेक घरांत बाईला रंग तेवढा ठरवायला मिळतो.) मागच्या वेळी माहेरी गेलात तेव्हा तिकीट कोणी काढलं, किती दिवस हे कोणी ठरवलं. डॉक्टरकडे जायला कोणाला विचारावं लागलं का नुसतं सांगावं लागलं, हा “विचारणं-सांगणं” फरक मराठीत फार छान निघतो.

पाचव्या फेरीत देशातल्या ७८.६ टक्के बायकांकडे स्वतः वापरतात असं बँक खातं होतं, चौथ्या फेरीत ५३. वाढलंय, चांगलंच आहे. पण तुम्ही एक पाऊल पुढे जा, एटीएम कार्ड कुठे असतं, पिन कोणाला माहीत, पैसे आल्याचा मेसेज कोणाच्या मोबाईलवर येतो. आपल्याकडे २०२३ पासून लाडली बहना या बायकांसाठीच्या सरकारी योजनेचे पैसे येतात, सुरुवातीला महिन्याला हजार होते, त्यामुळे हे विचारायला सोपं झालंय, “मागचा हप्ता कशात गेला?” एका बाईने सांगितलं मुलाच्या बाइकच्या हप्त्यात, दुसरीने सांगितलं कोणाला न सांगता भिशीत. दोन्ही लिहा, टिप्पणी न करता.

जेवणाचाही एक प्रश्न घालाच, काल रात्री कोण कोणाबरोबर जेवलं आणि शेवटी कोण जेवलं. भारत मानव विकास सर्वे म्हणून २००४-०५ आणि २०११-१२ ला झाला त्यात बायका पुरुषांबरोबर जेवतात का मागून, हे विचारलं होतं. बाई सहज सांगते, लपवावं असं तिला त्यात काही वाटत नाही. जमिनीचं मात्र सांभाळून. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू मुलीलाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, पण “तुमचा वाटा मिळाला का” विचारलंत की भावाची बाजू घेणं सुरू होतं. “हक्कसोडीवर सही केलीत का, कोणत्या साली” एवढंच विचारा, साल सांगताना बाकीचं आपोआप येतं.

काय विचारायचं नाही? मारहाण. मोठ्या सर्वेतसुद्धा यासाठी घरातली एकच बाई निवडतात, पूर्ण एकांत मिळाला तरच विचारतात, आणि त्यासाठी वेगळं ट्रेनिंग असतं. गल्लीतला सर्वे, शेजारचीच मुलगी विचारणारी, आपण गेल्यावर तिचं काय होईल? नका विचारू. कोणी आपणहून सांगितलंच तर फॉर्मवर लिहू नका, पेन खाली ठेवा, ऐका, आणि तिने म्हटलं तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे हे सांगा. पगारही थेट विचारू नका, खोटा मिळतो, त्याऐवजी घरात काय काय आहे ते लिहा, फ्रिज, वॉशिंग मशीन, कार, एसी. आणि नावं वेगळ्या वहीत, फॉर्मवर फक्त नंबर. आमच्या एका उत्साही कार्यकर्त्याने भरलेल्या फॉर्मचा फोटो व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला होता, डिलीट करेपर्यंत अर्ध्या रामबागेला कळलं की कोणाकडे डबे येतात. त्या घरी माफी मागायला मीच गेले.

आता ती मेख. घरकाम २९९ आणि ९७ मिनिटं हे आकडे फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्या लोकांचे आहेत. २०१९ मध्ये ८१.२ टक्के बायकांनी केलं होतं आणि २६.१ टक्के पुरुषांनी. म्हणजे ज्याने काडीही हलवली नाही तो ९७ च्या सरासरीत नाहीच. सगळ्यांना धरायचं तर गुणाकार करा, बायकांचे साधारण २४३ मिनिटं आणि पुरुषांचे २५. तिप्पट वाटणारा फरक जवळजवळ दहापट झाला! पुरुष मदत करतात म्हणणारे काका पहिला आकडा सांगतील, तुम्ही दोन्ही सांगा. तुमच्या एक्सेलमध्ये रिकामा चौकोन आणि शून्य वेगळं ठेवा, “विचारलंच नाही” आणि “केलंच नाही” एकत्र झालं की हीच चूक तुमच्याकडूनही होते.

घरं कमी असतील तर टक्के छापू नका. समजा वीस घरांपैकी सात, तर “वीसपैकी सात” लिहा, ३५ टक्के म्हटलं की उगाच मोठा अभ्यास वाटतो. सरासरीबरोबर मधला आकडाही द्या (सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावले की मधोमध येतो तो), एका घरात आजारी सासरे असतील आणि सून सोळा तास राबत असेल तर ती एकटी सरासरी ओढते. पण तिला “अपवाद” म्हणून काढून टाकू नका, उलट तिच्यावर दोन ओळी लिहा. आणि “इंदूरच्या मराठी लोकांत असं आहे” असं म्हणू नका, आमच्या गल्लीत असं आहे, इतकंच म्हणा.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. आमच्या फॉर्ममध्ये बऱ्याच वहिनींचं भांडी-केरफरशी शून्य आलं आणि काका खूश झाले. ते काम गेलं कुठे? सकाळी सातला येणाऱ्या बाईकडे, जी तीनचार घरं करून दुपारी परत जाऊन स्वतःच्या घरची भांडी घासते, आणि ती आमच्या यादीतच नव्हती कारण ती आमच्या गल्लीत राहत नाही. मग आम्ही तिच्या वस्तीत गेलो आणि तिच्या मोठ्या मुलीचा दिवस भरला, अकरा वर्षांची, आई येईपर्यंत धाकट्याला सांभाळणारी. वहिनींचा वाचलेला वेळ त्या चौकोनांत सापडला. तुमच्याकडे घरकामाला बाई येत असेल तर तिचं घर यादीत घ्याच, तिच्या सोयीच्या वेळी जा, आणि ज्या मालकिणीकडे ती काम करते तिला सोबत नेऊ नका.

शेवटी फॉर्मबद्दल. मागची बाजू पूर्ण कोरी ठेवा. कारण पंचवीस प्रश्न संपतात, चहा होतो, तुम्ही चपला घालता आणि काकू दारात उभी राहून म्हणते, “बाकी काही नाही गं, पण एक सांगू का...” ते सगळं तिथे मावलं पाहिजे. आणि गाडीला किक मारेपर्यंत पेनचं टोपण लावू नका.